अनुदानित खत ई-पॉसवर विकताना: नव्या कृषी सेवा केंद्रासाठी पायरीपायरीने

नव्याने दुकान टाकणाऱ्याला बियाणं आणि औषधांचा व्यवहार पटकन कळतो. घोळ होतो तो युरिया, डीएपी, पोटॅश, संयुक्त खतं आणि सुपर फॉस्फेटमध्ये. यांची गोणी दुकानातून बाहेर पडते तेव्हा दोन विक्र्या होतात. एक तुमच्या आणि शेतकऱ्यामधली, दुसरी सरकारच्या संगणकावरची, म्हणजे ई-पॉस या मशीनवर खरेदीदाराचा आधार आणि अंगठा घेऊन नोंदवायची. या दोन्ही एकाच मिनिटाला झाल्या तर पुढे काही अडत नाही. त्यांच्यात एका दिवसाचं जरी अंतर पडलं तरी नोटिसा, साठ्यातली तफावत, परवाना निलंबन ही सगळी भानगड तिथूनच सुरू होते.

१. अनुदान कुणाच्या खात्यात जातं ते आधी समजून घ्या

काउंटरवर पहिल्याच आठवड्यात विचारलं जाईल, "अंगठा तर घेतला, आता अनुदान खात्यात कधी येणार?" येणार नाही. पीएम-किसानचे पैसे किंवा ठिबकचं अनुदान शेतकऱ्याच्या बँक खात्यात जमा होतं. खताचं तसं नाही. नाव 'थेट लाभ हस्तांतरण' असलं तरी पैसे खत कंपनीला मिळतात. शेतकऱ्याला लाभ मिळतो तो कमी किमतीच्या रूपाने. ४५ किलो युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना आणि ५० किलो डीएपीची १,३५० रुपयांना मिळते, ती त्यामुळेच.

पूर्वी खत जिल्ह्यात पोचलं की कंपनीला अनुदानाचा मोठा हिस्सा मिळायचा. पुढे ते शेतात गेलं की प्लायवूडच्या कारखान्यात, याचा हिशेब कुणाकडे नसायचा. महाराष्ट्रात नाशिक आणि रायगड जिल्ह्यांत आधी प्रयोग झाला, २०१७ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने नवी पद्धत देशभर सुरू झाली आणि मार्च २०१८ पर्यंत सगळी राज्यं तिच्यात आली. आता किरकोळ दुकानदाराने मशीनवर विक्री केली तरच कंपनीचा अनुदानाचा दावा तयार होतो. म्हणून तुम्ही विक्री नोंदवायला उशीर केलात की कंपनीचा माणूस फोन करतो. त्याचे पैसे तुमच्या मशीनमध्ये अडकलेले असतात.

२. कागदपत्रं आणि साधनं

मशीन मागण्याआधी ही फाइल तयार ठेवा:

- खत विक्रीचं प्राधिकार पत्र (ए-२ नमुना), मुदत तपासून
- ज्या ज्या कंपनीचा माल विकणार तिचं उगम प्रमाणपत्र (ओ फॉर्म)
- शैक्षणिक पात्रता: कृषी किंवा रसायनशास्त्राची पदवी, कृषी पदविका किंवा मान्यताप्राप्त संस्थेचं १५ दिवसांचं प्रमाणपत्र
- मालकाचं आधार, पॅन, जीएसटी नोंदणी
- दुकान आणि गोदाम या दोन्ही जागांचे पुरावे
- एक मोबाइल नंबर, जो पुढची पाच वर्षं बदलणार नाही

शेवटच्या ओळीकडे नवे लोक हमखास दुर्लक्ष करतात. आयएफएमएस या केंद्राच्या खत प्रणालीत तुमचा आयडी तयार होतो तो याच नंबरावर. नंबर गड्याच्या किंवा पुतण्याच्या नावावर असला आणि तो नोकरी सोडून गेला, तर ऐन हंगामात लॉगिनसाठी त्याच्या मागे फिरावं लागतं.

ओ फॉर्मचीही एक खोच आहे. एखाद्या कंपनीचा ओ फॉर्म परवान्यात चढवलेला नसताना तिचा माल गोदामात सापडला, तर मशीनवर विक्री व्यवस्थित असूनही तो गुन्हा ठरतो. नवी कंपनी जोडायची तर आधी परवान्यात नोंद, मग माल.

३. मशीन ताब्यात घेताना

ई-पॉस मशीन दुकानदाराने विकत घ्यायचं नसतं. जिल्ह्यासाठी नेमलेली प्रमुख खत कंपनी ते पुरवते. ताब्यात घेताना पाच गोष्टी तिथेच तपासा: चार्जर, छपाईचा कागदी रोल, सिम चालतं का, तुमच्या आयडीने लॉगिन होतं का आणि बोटांचे ठसे घेणारा सेन्सर 'एल-१' प्रकारचा आहे का. जुन्या 'एल-०' सेन्सरना आधार प्राधिकरणाने बाद केलं आहे. एल-१ मध्ये ठसा सेन्सरच्या आतच कुलूपबंद होऊन पुढे जातो. कुणी जुनं मशीन स्वस्तात देऊ केलं तर घेऊ नका.

तुमचा साठा मशीनमध्ये नसतो, सर्व्हरवर तुमच्या आयडीखाली असतो. मशीन बिघडलं किंवा बदललं तरी शिल्लक जात नाही. संगणकावर चालणारी आवृत्तीही २०१९ पासून उपलब्ध आहे. गर्दीच्या दुकानात एक मशीन आणि एक संगणक असे दोन काउंटर चालवता येतात. त्यासाठी संगणकाला वेगळं मान्यताप्राप्त ठसायंत्र जोडावं लागतं.

४. माल उतरवून घेणं

कंपनी किंवा ठोक विक्रेता प्रणालीत माल तुमच्या नावे 'पाठवला' अशी नोंद करतो. तुम्ही मशीनवर ती पावती स्वीकारता, तेव्हा गोण्या तुमच्या साठ्यात येतात. स्वीकारल्याशिवाय विकता येत नाही. इथे चूक दोन्ही बाजूंनी होते.

पहिली चूक: ट्रक आला, नोंद आली नाही. बाहेर शेतकरी उभे, आत गोण्या आहेत, पण मशीन शून्य दाखवतं. अशा वेळी "घेऊन जा, उद्या थम (अंगठा) लावा" म्हणायचा मोह होतो. म्हणू नका. ठोकवाल्याला फोन करून पाठवणीची नोंद करायला लावा, तोपर्यंत गोणी हलवू नका. माल मागवतानाच ठरवून टाका: बिल आणि प्रणालीतली नोंद झाल्यावरच ट्रक निघेल.

दुसरी चूक अधिक महागात पडते. मशीनवर नोंद आली, माल मात्र आलाच नाही, किंवा कमी आला. ठोकवाला म्हणतो, "स्वीकारून टाका, उरलेला परवा पाठवतो." तुम्ही बटण दाबलं की त्या गोण्यांची जबाबदारी तुमची. परवा माल आला नाही तर तपासणीत तुमच्या गोदामात तेवढ्या गोण्या कमी भरतात, आणि ठोकवाल्याच्या तोंडी वचनाला तिथे काही किंमत नसते. आधी मोजा, मग स्वीकारा.

मोजताना टनांचं गोण्यांत रूपांतर नीट करा. युरियाची गोणी मार्च २०१८ पासून ५० ऐवजी ४५ किलोची आहे. 'दहा टन' युरिया म्हणजे २०० गोण्या नव्हेत, २२२ गोण्या, आणि त्याही ९.९९० टन भरतात. डीएपी आणि बहुतेक संयुक्त खतांचा हिशेब सोपा, टनाला २० गोण्या. जुन्या सवयीचा हमाल दोनशेवर थांबला तर बावीस गोण्या ट्रकमध्येच परत जातात.

५. विक्री: गोणी आणि अंगठा एकाच वेळी

क्रम असा ठेवा. खरेदीदाराचा आधार क्रमांक टाका, संमती घ्या, ठसा घ्या. मग खत निवडा, गोण्यांचा आकडा टाका, रक्कम तपासा, पावती छापा. पावती हातात आल्यावरच गोणी उचलू द्या. पावतीवर शेतकऱ्याने दिलेली किंमत आणि सरकारने सोसलेलं अनुदान वेगळं छापलेलं असतं. युरियात तो अनुदानाचा आकडा विक्रीकिमतीच्या कितीतरी पट असतो. शेतकऱ्याला तो दाखवा, 'खात्यात कधी येणार' हा प्रश्न तिथेच मिटतो.

खत निवडताना गडबड होते ती सारख्या दिसणाऱ्या नावांत. १०:२६:२६ आणि १२:३२:१६ ही संयुक्त खतं यादीत शेजारी असतात. ऑक्टोबर २०२२ पासून सगळ्या कंपन्यांच्या अनुदानित गोण्यांवर 'भारत' हेच नाव ठळक असल्याने गोदामातही फरक चटकन दिसत नाही. गोणीच्या तळाकडे कंपनीचं नाव बघून तीच ओळ निवडा.

आता उधारीबद्दल. निम्मी दुकानं इथेच अडकतात. आपल्याकडे खत उधारीवर जातं आणि पैसे कापूस किंवा सोयाबीन विकल्यावर येतात. दुकानदार म्हणतो, "पैसे आल्यावर थम घेऊ, नाहीतर पावती फाडली म्हणजे पैसे मिळाले असं होईल." तसं होत नाही. मशीनची विक्री म्हणजे पैशांची पोच नव्हे, मालाच्या हस्तांतरणाची नोंद आहे. खत नियंत्रण आदेशातही रोख किंवा उधार, दोन्ही प्रकारचं बिल मान्य आहे. थम आज घ्या, पैसे दिवाळीला घ्या. उधारी तुमच्या वहीत लिहा, मशीनला तिच्यात ओढू नका.

उलट थम मागे ठेवला तर काय होतं? जूनमध्ये दिलेल्या ८० गोण्या ऑगस्टमध्येही मशीनवर शिल्लक दिसतात. जिल्ह्याच्या अहवालात तुमच्याकडे साठा आहे असं दिसतं, म्हणून पुढच्या वाटपात तुमचा क्रमांक खाली जातो. गावात खत नाही, संगणकावर मात्र आहे. टंचाईच्या बातम्या आणि 'पुरेसा साठा उपलब्ध' ही सरकारी पत्रकं एकाच दिवशी छापून येतात, त्यामागे हेही एक कारण असतं.

मग ऑगस्टअखेर घाईने ते ८० गोण्यांचं ओझं उतरवायला घरच्याच चार जणांचे अंगठे लागतात. हे कधीही करू नका. दर महिन्याला जिल्हानिहाय सर्वाधिक खरेदी करणाऱ्या २० जणांची यादी काढून पडताळणीला पाठवली जाते. त्यात दुकानदाराची आई, मेहुणा आणि गोदामातला गडी दिसले की चौकशी त्या दुकानापासूनच सुरू होते. एका आधारवर महिन्याला किती गोण्या निघतील याची कमाल मर्यादाही प्रणालीत असते. ती बदलत राहते आणि टंचाईत जिल्हा प्रशासन आणखी कमी करतं. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला तालुका कृषी कार्यालयातून चालू मर्यादा विचारून फलकावर लिहा.

६. थम लागत नाही तेव्हा

ऊसतोड, विटभट्टी, चुन्याचं काम, राखेने भांडी घासणं यांनी बोटांच्या रेषा झिजतात. वयस्कर माणसांचं तर विचारूच नका. मशीनने नकार दिला की बहुतेक जण तोच अंगठा आणखी जोरात दाबतात. जोराने दाबल्यावर रेषा पसरतात आणि ठसा आणखी बिघडतो.

असं करा:

- हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करायला लावा. कातडी फुटलेली असेल तर थेंबभर खोबरेल तेल चोळून कोरड्या फडक्याने पुसा.
- सेन्सर चष्म्याच्या फडक्याने पुसा. पाणी किंवा सॅनिटायझर लावू नका.
- मशीन उन्हात ठेवू नका. काचेच्या सेन्सरवर ऊन पडलं की ठसा पांढरट येतो. ओसरीवरचं काउंटर असेल तर खोक्याचा आडोसा करा.
- बोटाचं टोक नव्हे, मधला भाग सपाट टेकवा.
- अंगठा नाही लागला तर अनामिका आणि मधलं बोट वापरून बघा. कामात कमी झिजलेलं बोट अनेकदा लगेच लागतं.

तीन-चार प्रयत्नांनंतर थांबा आणि पडद्यावरचा त्रुटी क्रमांक वाचा. ३०० म्हणजे ठसा जुळला नाही, वरचे उपाय करा. ३३० म्हणजे त्या व्यक्तीने बायोमेट्रिक कुलूपबंद केलं आहे. कुणी तरी फसवणुकीच्या भीतीने मोबाइलवरून करून दिलेलं असतं आणि शेतकऱ्याला आठवतही नाही. आधारच्या अ‍ॅपमधून ते उघडता येतं. ८११ म्हणजे आधारकडे ठशांचा डेटाच नाही, ९९७ म्हणजे आधार निलंबित. या दोन्हींत कितीही बोटं बदलली तरी उपयोग नाही, आधार केंद्रात जावं लागेल. ९९८ आला तर बारा आकडे पुन्हा तपासा, बहुतेक वेळा एखादा आकडा चुकलेला असतो. ५६१ किंवा ५६२ आला तर दोष शेतकऱ्याचा नाही, तुमच्या मशीनचं घड्याळ मागे किंवा पुढे आहे. तारीख-वेळ दुरुस्त करून मशीन पुन्हा सुरू करा.

दुसरा मार्ग ओटीपीचा. मशीनच्या प्रणालीत २०२० पासून तो आहे, पण मोबाइल आधारला जोडलेला हवा. तिसरा, घरातल्या दुसऱ्या व्यक्तीने स्वतःच्या आधारवर घेणं. सातबारा तिच्या नावावर असण्याची मशीनला गरज नसते. बटाईने करणाऱ्यालाही म्हणूनच खत मिळू शकतं. स्थानिक आदेशाने सातबारा किंवा शेतकरी ओळख क्रमांक मागितला जात असेल तर तो लेखी आदेश दुकानात लावा, नाहीतर वाद तुमच्याशी होतो.

ओटीपी फोनवरून मागवून गोणी 'नंतर पाठवतो' हा प्रकार टाळा. आणि आधारच्या झेरॉक्स गोळा करून ठेवू नका. विक्रीला त्या लागत नाहीत, आणि उद्या त्यांचा गैरवापर झाला तर पहिला संशय तुमच्यावर.

७. नेटवर्क गेलं तर

आधार पडताळणी ऑनलाइनच होते, त्यामुळे नेट नाही तर विक्री नाही. दोन वेगळ्या कंपन्यांची सिम ठेवा आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मशीन चालतं का हे मे महिन्यातच बघून ठेवा. पेरणीच्या आठवड्यात सकाळी दहा ते एक सर्व्हरवर सगळ्यांची झुंबड असते. सकाळी आठला दुकान उघडणाऱ्याची रांग लवकर सरते.

सगळ्यात फसवा प्रसंग म्हणजे ठसा लागला, आकडा टाकला, आणि पावती छापण्याआधी नेट गेलं. लगेच दुसऱ्यांदा विक्री करू नका. पहिली विक्री सर्व्हरवर झालेली असू शकते. नेट आल्यावर दिवसाचा विक्री अहवाल उघडा, त्या शेतकऱ्याची नोंद असेल तर फक्त पावती पुन्हा छापा. नोंद नसेल तरच नव्याने करा. न बघता पुन्हा केलं तर पाच गोण्यांच्या दहा होतात, आणि शेतकऱ्याची मर्यादाही विनाकारण खर्ची पडते.

८. रोज संध्याकाळी मेळ

शटर ओढण्याआधी प्रत्येक खताची शिल्लक तीन ठिकाणी बघा: मशीन, साठा नोंदवही, गोदाम. समजा सकाळी युरिया १८० गोण्या होता, २२२ स्वीकारल्या, ९७ विकल्या. मशीन आणि वही ३०५ दाखवतात, गोदामात २९९ भरल्या.

गोदामात कमी म्हणजे सहा गोण्या थम न घेता गेल्या, किंवा माल घेताना मोजणी चुकली. दिवसभराचे हमाल अजून जवळच असतात, त्याच संध्याकाळी विचारलं तर "त्या वाडीवरच्या अण्णांनी टेम्पोत टाकल्या" हे कळतं. आठवड्याने कुणाला आठवत नाही. गोदामात जास्त भरल्या तर दुबार विक्री झाली असण्याची शक्यता. एका खतात चार कमी आणि दुसऱ्यात चार जास्त असतील तर यादीतली चुकीची ओळ निवडली गेली. फाटलेल्या, भिजलेल्या गोण्या वेगळ्या रचून वहीत लिहा आणि कंपनीला लेखी कळवा. मेळ जमवण्यासाठी त्या कुणाच्या तरी नावावर मारू नका.

९. भाव आणि लिंकिंग

गोणीवर छापलेल्या किमतीच्या वर एक रुपयाही घेता येत नाही. युरियाचं वितरक मार्जिन १ एप्रिल २०१८ पासून टनाला ३५४ रुपये ठरवलं गेलं, म्हणजे गोणीमागे सोळा रुपयांच्याही आत. रेक पॉइंटपासूनचं (मालगाडीतून खत उतरतं त्या स्टेशनापासूनचं) भाडं आणि हमाली दुकानदारावर पडली तर त्यातून काही उरत नाही. ही तक्रार खरी आहे, पण ती शेतकऱ्याकडून २९० रुपये घेऊन सुटत नाही. खत दुकानापर्यंत पोच मिळावं असं कंपनीला लेखी मागा आणि भाड्याच्या पावत्या जपून ठेवा.

लिंकिंगचंही तसंच. युरियाबरोबर नॅनो युरियाच्या बाटल्या, विद्राव्य खतं, सूक्ष्म अन्नद्रव्यं माथी मारली जातात. नॅनो युरियावर अनुदान नाही आणि तो घेण्याची कुणावर सक्ती करता येत नाही. तुमच्यावर वरून सक्ती झाली तर ऑर्डर, बिल आणि मेसेज जपून कृषी विभागाकडे लेखी तक्रार करा. तोच माल शेतकऱ्याच्या गळ्यात घातलात तर गुन्हा तुमच्या नावावर चढतो, ज्याने तुमच्यावर लादला त्याच्या नावावर नव्हे.

१०. तपासणीला पथक आलं की

भरारी पथक किंवा गुणनियंत्रण निरीक्षक आल्यावर साधारण याच क्रमाने बघतात: दर्शनी भागातला साठा आणि भाव फलक, त्यावर आजची तारीख, प्राधिकार पत्राची मुदत, ओ फॉर्म, मशीनची शिल्लक, साठा नोंदवही, मग गोदामातली प्रत्यक्ष मोजणी, शेवटी काही पावत्या घेऊन त्या शेतकऱ्यांना फोन. फोनवर शेतकरी "मी तर दोनच गोण्या नेल्या" म्हणाला आणि पावती सहाची असली, तर वरची सगळी कागदपत्रं बरोबर असूनही पंचनामा सुरू होतो.

थप्प्या मोजता येतील अशा लावा: दहा-दहाच्या ओळी, भिंतीपासून फूटभर लांब, प्रत्येक खताची वेगळी थप्पी, खाली लाकडी फळ्या. अस्ताव्यस्त गोदामात निरीक्षकाची मोजणी चुकली तरी पंचनाम्यात त्याचाच आकडा जातो. त्यामुळे मोजताना सोबत उभे राहा, आकडा पटला नाही तर तिथेच फेरमोजणी मागा आणि पंचनाम्याची प्रत घेतल्याशिवाय सही करून मोकळे होऊ नका.